बरगडीखालची पट्टी

चार पट्ट्या होत्या, आणि मास्तरांना त्यांतली एक काही केल्या पटत नव्हती.

बेंबीवरची पटत होती. छातीच्या हाडाखालची चालवून घेतली असती. उजव्या कुशीतली, कमरेच्या जरा वरची, तीही एक वेळ डोळे झाकून मान्य केली असती. पण बरगडीखालची ती चौथी! चौकोनी, पांढरी, चारही कडा नीट बसलेल्या, मधोमध औषधाचा तपकिरी डाग. बायकोच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून मास्तर तिच्याकडे बघत होते, आणि जितकं बघावं तितकी ती त्यांना जास्तच साळसूद वाटत होती.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. काजं करणारे मास्तर. बाजारातल्या मोठ्या शिवणाच्या दुकानात माळ्यावर बसून चाळीस वर्षं त्यांनी कोटांना हाताने काजं केली. आता यंत्रं काजं करतात, पण ज्यांना कोटाची चाड आहे ती गिऱ्हाइकं अजून सांगतात, काजं मास्तरांच्या हातची हवीत. कापडाला भोक कुठे पाडायचं, केवढं पाडायचं आणि पाडलेलं भोक धाग्याने कसं बांधून घ्यायचं, यातलं त्यांना कुणी शिकवायला जाऊ नये. बाकी कुठलीही गोष्ट सांगा, त्यांच्या तोंडून एकच शब्द यायचा. "नक्की?" पाच वाजले म्हणा, "नक्की?" शेजारणीला मुलगी झाली म्हणा, "नक्की?" गल्लीत सगळे त्यांना नक्कीमास्तर म्हणायचे. एकदा कुणी तोंडावर म्हणालं, तर यांनी विचारलं, "मलाच म्हणालात, नक्की?"

याला एक कारण होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी एका कापडवाल्याने देवाची शपथ घेऊन अस्सल लोकरीचं म्हणून दिलेल्या ताग्यातला एक धागा मास्तरांनी पेटत्या काडीवर धरला, वास घेतला आणि भर दुकानात जाहीर केलं, "यात सूत आहे." होतं सूत. मालकांनी पाठ थोपटली. झालं! माणूस संशय घेऊन एकदा बरोबर निघाला की जन्मभर सुधारत नाही.

आणि या संशयाचा सगळ्यात मोठा वाटा कुणाच्या पदरी पडला असेल? काकूंच्या. काकू म्हणजे मास्तरांची बायको. गल्लीची काकू, आता वॉर्डाचीही काकू. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पोटात पहिल्यांदा कळ आली, उजवीकडे, पार पाठीपर्यंत. त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मास्तर जेवता जेवता म्हणाले, "नक्की पोटातच ना? सकाळी तर हसत होतीस." पुढे डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, पित्ताशयात खडे आहेत म्हणून कागद आला. मास्तरांनी कागद उजेडात धरला आणि म्हणाले, "यंत्र जुनं होतं. दुसरीकडे बघू." दुसरीकडे बघितलं. तिसरीकडे बघितलं. तिन्ही कागद एकच बोलत होते, तर मास्तर म्हणाले, "तिघं एकमेकांना ओळखत असणार." दर कळेला काकू सांगायच्या, हे विचारायचे, आणि हळूहळू काकूंनी सांगणंच सोडून दिलं. गेल्या महिन्यात त्या स्वयंपाकघराच्या फरशीवर अर्धा तास वाकून बसल्या. उठल्यावर स्वतः फोन लावला, वेळ घेतली, चपला घातल्या आणि म्हणाल्या, "मी दवाखान्यात चालले. तुम्हाला यायचं तर या."

मास्तर आले. यायलाच हवं होतं, नाहीतर तपासलं कुणी असतं?

सर्जनबाई वयाने लहान होत्या. तिशी-पस्तिशीच्या. इथूनच सुरुवात झाली. एवढ्याशा पोरीच्या हातात पोट द्यायचं? तिने कागदावर पोटाचं चित्र काढून, "आता मी सांगते ते दोघांनी नीट ऐका," असं म्हटलं तेव्हा मास्तरांची नजर भिंतीवरच्या आग विझवायच्या लाल नळकांड्यावर गेली. त्याच्यावरची तारीख पुसट होती. ते उठले, जवळ जाऊन वाचू लागले. मग वाटलं, नळकांड्याची ही तऱ्हा, तर सलाइनच्या बाटल्यांची काय असेल? ते औषधांच्या खिडकीशी गेले आणि तिथल्या माणसाला पाऊण तास छळून एकेका बाटलीवरची तारीख वाचून आले. सगळ्या चांगल्या होत्या, म्हणून तर त्यांना बरं वाटेना. परत आले तेव्हा काकू पेनाला टोपण लावत होत्या.

"कशावर सही केलीस?"

"ऑपरेशनच्या कागदावर."

"वाचलास?"

"वाचला. बाईंनी समजावूनही सांगितला."

"नक्की?"

काकूंनी पेन टेबलावर ठेवलं आणि पर्स उचलली.

ऑपरेशनच्या दिवशी मास्तर घड्याळ हातात धरून दाराबाहेर बसले. त्याच दिवशी पोस्टातून निवृत्त झालेल्या एक मावशी होत्या, त्यांचंही पित्ताशयच काढायचं होतं, सर्जनबाई त्याच. मावशी पन्नास मिनिटांत बाहेर आल्या. काकूंना लागला दीड तास. दीड तास! तोच अवयव, तेच हात, आणि जवळजवळ दुप्पट वेळ? "सगळं छान झालं," असं सर्जनबाई टोपी काढत म्हणाल्या, पण मास्तरांच्या नजरेला नजर न देता म्हणाल्या. निदान मास्तरांना तसं वाटलं. मग नर्सने औषधाच्या छोट्या बाटलीत खडे आणून दाखवले. पिवळट काळे, सात. मास्तरांनी बाटली हलवली, उजेडात धरली.

"हे हिचेच?"

"मग माझे का?" नर्स म्हणाली आणि निघून गेली. मास्तरांना ते उत्तर मुळीच आवडलं नाही.

एरवी अशा पेशंटला दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. पण काकूंची साखर जरा वर गेली होती, आणि मावशी एकट्या राहणाऱ्या, म्हणून दोघींना चार दिवस ठेवायचं ठरलं. शेजारी शेजारी खाटा. मधे एक पडदा, तोही अर्धा कायम सरकवलेला, कारण दोघींना गप्पा मारायच्या असत.

सकाळ-संध्याकाळ एक ताई वही घेऊन यायची. काकूंनी तिचं नाव वहीताई ठेवलं होतं. तिचं काम एकच. वहीच्या पानावर शून्य ते दहा अशी रेघ होती. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. ती खुर्ची ओढून बसायची आणि विचारायची, "काकू, आत्ता किती?"

आता यात एवढं काय? पण काकूंचा चेहरा बघायला हवा होता. त्या डोळे मिटायच्या. आधी उताणं पडून बघायच्या, मग कुशीवर, मग जरा खोकून. पूर्ण विचार करून म्हणायच्या, "पडून चार. खोकल्यावर साडेपाच. अर्धा चालतो का?" वहीताई म्हणायची, "चालतो ना." आणि लिहायची. बस्स, लिहायची. उलटा प्रश्न नाही, भुवई वर नाही. तिने लिहिलेला आकडा काकू मान उंच करून बघायच्या, एखाद्या मुलीचं नाव शाळेच्या पटावर चढताना आईने बघावं तसा. वहीताई येण्याआधी पंधरा मिनिटं त्या केस नीट करून बसलेल्या असायच्या.

"दुखण्याला कसला आलाय आकडा?" मास्तर म्हणाले. "साडेपाच म्हणे. साडेपाच नक्की, की पाच?"

"साडेपाच," काकू म्हणाल्या, आणि पुढचा तासभर मास्तरांशी बोलल्या नाहीत.

पण मास्तरांचं लक्ष बोलण्याकडे नव्हतंच. त्यांना कुठेतरी पाणी मुरताना दिसत होतं. दुसऱ्या दिवशी काकूंना कूस बदलायला मदत करताना त्यांचा अंगठा त्या बरगडीखालच्या पट्टीवरून गेला. चाळीस वर्षं शिवणीवरून फिरलेला अंगठा तो. अस्तराखाली एक टाका चुकला तरी त्याला कळतं. आणि त्या अंगठ्याला पट्टीखाली काहीही लागलं नाही. ना कड, ना सूज, ना गाठ. बेंबीपाशी कशी चांगली टणक सूज होती. आणि इथे सगळं सपाट.

त्यांनी हळूच चौकशी सुरू केली.

"मावशी, तुम्हाला कुठे दुखतं?"

"अहो, कुठे म्हणून सांगू? बेंबीत दुखतं, पण या बरगडीखाली तर खिळा मारल्यासारखं. हसवू नका मला."

"आणि तुला गं?"

"बेंबीपाशी," काकू म्हणाल्या. "बाकी कुठे फारसं नाही. पण वहीताईंनी सांगितलंय, पट्ट्यांचा विचार करायचा नाही. आठव्या दिवशी त्याच काढतील. तोवर हात लावायचा नाही."

हात लावायचा नाही! मास्तरांचे कान टवकारले. ज्या गोष्टीला हात लावू नका म्हणतात तिच्यातच सूत असतं, हा त्यांचा सत्तावीस वर्षांचा अनुभव.

त्याच संध्याकाळी आणखी एक गंमत झाली. सर्जनबाई काकूंची फाइल चाळत होत्या आणि वहीताई आत आली. तर ती दारातच थांबली, तोंड फिरवून म्हणाली, "फाइल मिटा हं मॅडम, मी आले." फाइल मिटली. मिटताना मास्तरांना आत चिकटवलेलं एक खाकी पाकीट दिसलं, लाखेने बंद केलेलं.

बाहेर पॅसेजमध्ये मास्तरांनी वहीताईला गाठलं. "ताई, त्या पाकिटात काय आहे?"

"मला माहीत नाही, काका."

"तुम्ही इथल्याच ना?"

"इथलीच. पण ते मला माहीत नसलंच पाहिजे," ती हसून म्हणाली. "तोच तर नियम आहे."

मास्तरांना रात्रभर, म्हणजे घरी जाऊन झोप लागेपर्यंत, तेच डोळ्यांपुढे. पट्टीखाली जखम नाही. वहीताईला फाइल बघायची चोरी. दीड तास. लाखबंद पाकीट. सरळ हिशेब होता! पोट उघडलं बेंबीतून, आत काहीतरी घोटाळा झाला, घाबरून मिटून टाकलं, आणि ऑपरेशन पुरं झालं असं दिसावं म्हणून वरून तीन खोट्या पट्ट्या डकवल्या. खडे? खडे मावशींचे. नाहीतर कुठल्या कपाटात बाटल्या भरून ठेवल्या असतील. म्हणजे ती सडकी पिशवी अजून बायकोच्या पोटातच होती. हे मनात आलं आणि मास्तर खरोखर घाबरले. माणूस संशयी होता, पण बायको त्यांना हवी होती. ती पहिल्या कळेला भिंत धरून उभी राहिलेली त्यांना आठवली, आणि तेव्हा आपण काय म्हणालो होतो तेही आठवलं. ते मात्र त्यांनी घाईघाईने बाजूला सारलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर वॉर्ड सुस्तावला. मावशी घोरत होत्या. काकूंचाही डोळा लागला होता. मास्तरांनी पडदा पूर्ण ओढला, रुमालाचं टोक कोमट पाण्यात भिजवलं आणि ओलं टोक बरगडीखालच्या पट्टीच्या कडेवर धरलं. मग अंगठ्याच्या नखाने, जसा जुन्या कोटाच्या अस्तराचा कोपरा उकलायचा तशी, केस न ओढता, कातडी न ताणता, ती पट्टी वर उचलली.

आत काही नव्हतं. धडधाकट कातडी. वरून तपकिरी औषध फासलेलं, एवढंच.

त्यांनी कुशीतली उचलली. तिथेही काही नाही. छातीच्या हाडाखालची उचलली. तिथेही कातडी कोरी करकरीत. बेंबीवरच्या पट्टीला हात लावायचा मात्र त्यांना धीर झाला नाही.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पट्ट्या तशाच लोंबत्या सोडून त्यांनी पडदा फाडल्यासारखा सरकवला आणि अशी आरोळी ठोकली की मावशी घोरता घोरता उठून बसल्या.

"या! सगळे या! बघा काय चाललंय इथे! माझ्या बायकोच्या अंगावर तीन खोट्या पट्ट्या! भोक एकच! एकच भोक आहे हिला! बाकी सगळं नाटक! कुठे आहेत सर्जनबाई? बोलवा त्यांना!"

काकू दचकून जाग्या झाल्या. त्यांनी आधी मास्तरांकडे बघितलं, मग खाली, स्वतःच्या पोटाकडे. आणि पटकन दोन्ही हातांनी चादर वर ओढली. पण उशीर झाला होता. दारात वहीताई उभी होती, वही छातीशी धरून. तिने सगळं ऐकलं होतं.

"अहो, काय केलंत हे?" काकू म्हणाल्या. अगदी हळू.

सर्जनबाई धावतच आल्या. मास्तरांनी एका दमात सगळा आरोप वाचला, पन्नास मिनिटं आणि दीड तास, पाकीट, खडे, अंगठा, सगळं. त्यांना वाटलं होतं, बाई पांढरीफटक पडेल. बाई खुर्ची ओढून बसली.

"मास्तर, मी चित्र काढून समजावत होते तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

मास्तरांना आठवेना. मग आठवलं. "बाटल्या बघत होतो," ते म्हणाले.

"हं. मग आता ऐका. दुर्बिणीतून पित्ताशय काढायच्या दोन रीती आहेत. जुनी रीत चार भोकांची. एकातून दुर्बीण, बाकीच्यांतून हत्यारं. नवी रीत एकाच भोकाची, बेंबीतून. सगळं त्यातूनच घालायचं. बाहेरून व्रण दिसत नाही, पण हत्यारं एकमेकांना अडतात, वेळ जास्त लागतो, आणि भोक मोठं पाडावं लागतं. नवीवाले म्हणतात, हिने कमी दुखतं. जुनीवाले म्हणतात, नुसता नखरा आहे."

"खरं काय?"

"माहीत नाही. म्हणून तर तीनशे माणसांना विचारतोय. कुणाला एक आणि कुणाला चार, ते चिठ्ठी काढून ठरतं. रीत कोणतीही असो, पिशवी पूर्ण निघते. काकूंचीही निघालीय, आणि ते खडे त्यांचेच आहेत. पण पट्ट्या सगळ्यांना चार लावायच्या. कारण आपल्याला एकच भोक आहे हे कळलं की माणसाला आपोआप कमी दुखतं. चार दिसली की जास्त दुखायला लागतं. म्हणून पेशंटला कळू द्यायचं नाही. विचारणाऱ्या ताईलाही नाही, नाहीतर तिच्या तोंडावरून पेशंट ओळखतो. पाकीट आठव्या दिवशी उघडायचं. काकूंना हे सगळं सांगितलं होतं. त्यांनी दोनदा वाचून सही केली."

मास्तर काकूंकडे बघू लागले. काकू छताकडे बघत होत्या.

"एक मोठं भोक चांगलं नव्हे," मास्तर पुटपुटले. कुणी विचारलं नव्हतं, पण चाळीस वर्षांची जीभ ती, राहवतंय थोडंच? "मोठ्या काजावर ताण येतो. ते पुढे उसवतं."

"तेच वर्षभराने तपासणार आहोत," सर्जनबाई म्हणाल्या. "तुम्ही वाट बघायला हवी होती."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मावशी पलीकडून सगळं ऐकत होत्या. त्यांनी आपल्या चारही पट्ट्यांवरून पदर नीट ओढून घेतला आणि मास्तरांच्या हाताकडे बघत खाटेवर जितकं सरकता येईल तितक्या पलीकडे सरकल्या.

वहीताई पुढे आली. तिने वही उघडली नाही. "काकू," ती म्हणाली, "मला वाईट वाटतं हो. पण आता तुम्हालाही कळलं आणि मलाही. तुमचे आकडे यात धरता येणार नाहीत."

"आजपासूनचे?"

"सगळेच. आधीचे सांगितलेले पण."

"साडेपाच पण?"

वहीताईने मान हलवली.

काकूंनी मास्तरांकडे तोंड वळवलं. मास्तरांना वाटलं, आता ओरडणार. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तीन दिवस मला खाज येत होती त्या पट्ट्यांखाली," काकू म्हणाल्या. "मी बोट लावलं नाही. मला म्हणाले होते, तुमचं दुखणं लिहून ठेवू, ते पुढे दुसऱ्या बायकांच्या उपयोगाला येईल. मी बोलायची आणि ती पोरगी लिहून घ्यायची. नक्की का, असं तिने एकदाही विचारलं नाही हो. एकदाही नाही. दोन वर्षं मी तुम्हाला सांगत होते. तुम्हाला माझ्यापेक्षा त्या लाल नळकांड्यावरची तारीख खरी वाटली."

"अगं, मला वाटलं तुला फसवलं..."

"मला कुणी फसवलं नाही. मला कुणी विश्वासाला पात्रच धरलं नव्हतं, ते इथे धरलं. तेही तुम्हाला बघवलं नाही."

मास्तर रुमालाचं ओलं टोक पिळत राहिले.

दुसऱ्या दिवशी दोघींना घरी सोडलं. मावशींना जाताना एक छापील कागद मिळाला, आठव्या दिवसापर्यंतच्या रेघा आखलेला. रोज घरी भरून आणायचा. काकूंना गोळ्यांची यादी मिळाली. काकूंनी मावशींच्या हातातल्या त्या कागदाकडे एकदा बघितलं आणि पिशवी उचलायला वाकल्या, तेव्हा मास्तरांनी पिशवी आधी उचलली.

घरी चार दिवस काकू बोलल्या, पण कामापुरतं. चहा ठेवलाय. दार लावा. दूध उतू जातंय. मास्तर दुकानात जाऊन बसले तर काज वाकडं येऊ लागलं. मालकांनी विचारलं, "बायको बरी आहे ना?" मास्तर म्हणाले, "आहे." मालकांनी गमतीने विचारलं, "नक्की?" आणि मास्तरांना तो शब्द कानफटात बसल्यासारखा लागला. हा शब्द ऐकणाऱ्याला असा लागतो? मग तिने तो इतकी वर्षं रोज कसा ऐकला?

त्या दिवशी ते उजेड असतानाच घरी आले. बगलेत मापाची वही होती, दुकानातली, नवी कोरी. काकू खाटेखालची पत्र्याची ट्रंक ओढून काढत होत्या. चांगली जड ट्रंक. सरसर ओढली त्यांनी, एकदाही पोटाला हात न लावता. मास्तरांनी ते पाहिलं. ते स्टूल ओढून समोर बसले, पहिल्या पानावर पट्टीने एक रेघ मारली, तिच्यावर शून्य ते दहा आकडे काढले. शिंप्याची रेघ ती, सरळ होती.

"आत्ता किती?" ते म्हणाले.

काकू ट्रंकेवर हात टेकून त्यांच्याकडे बघत राहिल्या. रेघेकडे बघितलं. पेन्सिलीकडे बघितलं.

"नऊ," त्या म्हणाल्या.

नऊ! आत्ता एवढी ट्रंक ओढली हिने. माणसाचं नऊ दुखत असेल तर तो कण्हतो, ट्रंका ओढत नाही. मास्तरांच्या घशातून तो शब्द वर आला, अगदी दातांपर्यंत आला. त्यांनी धागा तोडावा तसे दात मिटले. मान खाली घातली आणि नवावर गोल केला. पुढे अक्षरांतही लिहिलं, नऊ.

काकू जागच्या उठल्या, जवळ आल्या आणि मान उंच करून ते लिहिलेलं वाचलं.

"आजचं नाही हे," त्या म्हणाल्या. "आज दोनच आहे. हे दोन वर्षांपूर्वीचं. पहिली कळ आली तेव्हाचं. ते लिहायचं राहिलं होतं."

मास्तरांनी खाली दुसरी रेघ मारली आणि त्यावर दोन लिहिलं. मग पेन्सिल पुन्हा वर, नवापाशी नेली.

"तारीख?" त्यांनी विचारलं.

काकूंना ती पाठ होती.